मांजराच्या नावावर

आमच्या घरात मांजर आलं ते बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून. आषाढ चालू होता. होड्या वाळूवर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या होत्या, आणि तरीही बाबा रोज सकाळी छत्री घेऊन किनाऱ्यावर जायचे, आपली होडी बघून यायचे. ती काय पळून जाणार होती? पण जन्मभर समुद्रावर गेलेल्या माणसाला घरात बसवत नाही. त्या दिवशी परत आले ते एक हात छातीशी धरून. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी धावले, तर खिशातून एक ओलं, नुसते कानच कान असलेलं डोकं वर आलं.

"होडयेखाली होतां," बाबा म्हणाले. "आवस खंय दिसाक नाय. बाकीची पिलां मेली. ह्यां एकटांच वरडत होतां."

मी बघतच राहिले. मासे सुकवणाऱ्यांच्या घरात मांजराला कोण जवळ करतो? माझं अर्धं बालपण अंगणातल्या वाळत घातलेल्या बांगड्यांवरून मांजरं हाकलण्यात गेलेलं, आणि त्यात नेम धरून काठी फेकणारे आमचे बाबाच. पण आई जाऊन काही वर्षं झाली होती. दादा गोव्यात एका हॉटेलात नोकरीला, तो आणि वैनी चतुर्थीला येणार तेवढेच. माझं लग्न व्हायचं राहून गेलं होतं आणि मी गावातल्या शाळेत शिकवत होते. सकाळी मी गेले की दुपारपर्यंत बाबा आणि भिंती. तेव्हा मी वाटीत दूध घातलं. बाबांनी पिल्लाला उलटं करून पाहिलं आणि जाहीर केलं, "बोको नाय, भाटी आसा." आणि त्या दिवसापासून तिला 'बाय' म्हणायला लागले. लहानपणी मलाही ते 'बाय' म्हणायचे.

बायचा पहिला प्रश्न उभा राहिला तो दुसऱ्याच दिवशी, तांदळाच्या पिंपामागे. मग सुपात. मग चुलीच्या राखेत. राखेतलं तरी समजू शकते, पण एक दिवस ती चौथीच्या मुलांच्या वह्यांवर बसली आणि मी शाळेत काय सांगायचं ते सुचेना. बाहेर धो धो पाऊस. एवढ्याशा जिवाला अंगणात सोडलं असतं तर वाहूनच गेलं असतं. तेव्हा घरातच सोय करायला हवी होती.

मी मासळीचा एक फुटका थर्माकोलचा खोका घेतला, तिचे पाय पोचावेत म्हणून एका बाजूची कड कापली आणि किनाऱ्यावरून वाळू आणून भरली. वाळू ओली, खारट, चिकट. बायने एक पाय आत ठेवला, झटकला आणि तोंड वाकडं करून निघून गेली. मग मी चुलीवर मोठी कढई ठेवून ती वाळू भाजली. बाबा उंबऱ्यावर बसून बघत होते.

"आता फोडणी घाल," ते म्हणाले. "वायच मीठ कमी आसा."

आई गेल्यानंतर घरात पहिल्यांदा मी त्यांना थट्टा करताना ऐकलं.

भाजलेली वाळू बायला फारच आवडली. खोक्यात जाऊन, त्या उबदार वाळूत गोल होऊन ती झोपली आणि उठल्यावर बाहेर येऊन पिंपामागे जाऊन आली. मी कपाळाला हात लावला. खोका पडवीत ठेवला तर पावसाची झड येऊन वाळूचा चिखल. स्वयंपाकघरात ठेवला तर मला जेवण जाईना. शेवटी तो ओटीवर, बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी गेला, कारण बायने आपला मुक्काम तिथेच हलवला होता.

शिकवलं तिला बाबांनी. जेवण झालं की ते तिला उचलून खोक्यात ठेवायचे आणि स्वतः खाली उकिडवे बसून बोटांनी वाळू उकरायचे. जाळी ओढून ओढून त्यांची बोटं सुजट झालेली, नखं पिवळी. त्या बोटांनी ते हळूहळू खळगा करायचे, मग वाळू ओढून बुजवायचे. "अशां. बघ. अशां करूचां." बाय त्यांच्या बोटांवर झडप घालायची. बाबा परत खळगा करायचे. मी शिक्षिका, पण एवढा धीर माझ्याकडे कधीच नव्हता. आणि एका सकाळी खोक्यातून खरखर आवाज आला. मी बघते तर बाय मान ताठ करून, डोळे अर्धे मिटून, अगदी गंभीर चेहऱ्याने बसलेली. काम झाल्यावर तिने वाळू ओढली. थोडी खोक्याबाहेर उडवली, पण ओढली. बाबांनी शेजारच्या घरात जाऊन ही बातमी सांगितली.

त्यानंतर ती कधी चुकली नाही. मी हे शपथेवर सांगू शकते, कारण खोका रोज मीच साफ करत होते.

म्हणून श्रावणात बाबांची गोधडी ओली सापडली तेव्हा मला नवल वाटलं.

"माजरान केल्यान," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे न बघता खिडकीतून पावसाकडे बघत होते.

मी गोधडी धुतली. श्रावणात गोधडी वाळवणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायकांना विचारा. चुलीवरच्या दांडीवर टाकायची, ती दोन-दोन दिवस ठिबकत राहायची, आणि वाळली तरी धुराच्या वासाने डोकं उठायचं. ती वाळते न वाळते तोच दुसरी ओली. "माजरान केल्यान." मग चादर. मग उशीची कड. मी वाळू बदलली. कुणी म्हणालं, वाळू नको, भाताचा तूस घाल. तूस घातला. बायने तोही मुकाट्याने वापरला, खळगा केला, बुजवला, आणि तरी सकाळी गोधडी ओलीच. अंथरुणाभोवती लिंबाच्या साली टाकून पाहिल्या. मग ठरवलं, रात्री तिला स्वयंपाकघरात कोंडायचं. बाबा चिडले. एवढे चिडलेले मी त्यांना क्वचितच पाहिले होते.

"मुक्या जनावराक कोंडतंस? तां माज्याकडे झोपता. माज्याकडेच झोपतलां."

सकाळी कडी काढलेली असायची.

शेवटी मी बायला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे गाई-म्हशींची गर्दी. डॉक्टरांनी तिला तपासलं, पोट दाबलं, शेपटी वर केली. ती त्यांना चावली.

"बाई, पिल्लू ठणठणीत आहे," ते म्हणाले. "खोका वापरतं ना?"

"वापरतं. पण अंथरूणही ओलं करतं. गोधडी पार भिजते."

"पार भिजते?" त्यांनी बायला तळहातावर धरलं. तिचे चारी पाय हवेत. "हिच्या पोटात मावणार किती? दोन चमचे. गोधडी भिजायला घागरभर लागेल. तुमचं छप्पर बघा. कौल सरकलं असेल."

मी घरी येऊन छप्पर बघितलं. शिडी लावून, हात फिरवून बघितलं. खाटेच्या वर सगळं कोरडं होतं. शिडीवर उभी असतानाच मला कळलं असावं, पण माणूस मनाला हवं तितकंच कळून घेतो. मी खाली उतरले आणि शिडी जागेवर ठेवली.

मग एक दिवस वहाळाला पाणी चढलं म्हणून शाळा लवकर सोडली. मी मागच्या परड्यातून आले, पायातला चिखल धुवायला विहिरीकडे थांबले, आणि मागच्या दारातून मला ओटीपर्यंत सरळ दिसलं. बाबा खाटेशी वाकलेले होते. अंगावर नुसता पंचा. धोतराचा बोळा बाजूला पडलेला. एका हाताने ते खोक्यातला मूठभर तूस उचलत होते आणि अंथरुणावरच्या ओल्या जागेवर टाकत होते, थोडा इथे, थोडा तिथे, मांजराच्या पायांनी सांडतो तसा. मग त्यांनी बायला उचलून त्या ओलीवर बसवलं. ती उडी मारून उतरली. त्यांनी परत बसवलं.

"बस गो बाय," ते म्हणाले. "थोडो वेळ बस. चेडू शाळेतसून इला की उतर. माका माफ कर हां. पण तां तुका काय करूचां नाय. तुका वरडतलां नि गप ऱ्हवतलां."

चेडू म्हणजे मी.

मी तिथून मागे सरले. परड्यातून वळसा घालून पुढच्या बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी आले आणि तिथून मोठ्याने हाक मारली, "बाबा, इलंय मी!" आणि बेड्याची कडी उगाचच दोनदा वाजवली. आत गेले तेव्हा ते धोतर नेसून खुर्चीवर बसले होते. बाय अंथरुणावर नव्हतीच, ती कोपऱ्यात झुरळाच्या मागे लागली होती.

"परत केल्यान," बाबा म्हणाले.

मी अंथरुणाकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे वळून, घसा ताणून ओरडले, "मेल्या माजरा! किती सांगूचां तुका?" बायने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला, आणि ते म्हणाले, "रागावू नको गो. ल्हान आसा तां."

त्यानंतर आमच्या घरात मांजराविषयी जे बोलणं व्हायचं ते सगळं बाबांविषयी होतं. मी बाजारातून रेक्झिनचा तुकडा आणला. "माजरासाठी?" बाबांनी विचारलं. "व्हय, माजरासाठी." तो मी गादीवर घातला. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून उशाशी ठेवल्या, मांजरासाठी. संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला आणि कारण सांगितलं की दूध मांजराला लागतं. देवळात भजनाला जायचं त्यांनी सोडलं होतं, तेही मी विचारलं नाही. दर थोड्या वेळाने ते उठून मागे जायचे, बराच वेळ यायचे नाहीत, आणि आल्यावर भिंतीला धरून बसायचे. मी रोज ठरवायची, आज बोलू. एकदा धीर केला.

"बाबा, माजराक मोठ्या डॉक्टराक दाखवूया काय? गोव्याक दादा आसा. थंय मोठां हॉस्पिटल आसा. आतां ह्येच्यार औषध मिळता म्हणतत."

बाय त्यांच्या मांडीवर होती. ते तिच्या कानामागे खाजवत राहिले.

"तेका लाज वाटता," बाबा म्हणाले.

"डॉक्टराकडे कसली लाज?"

"तुका काय कळाचां नाय. तेच्या आवशीन सगळां बघितल्यान असतां. आवस नाय तेका." आवस म्हणजे आई. मग म्हणाले, "चतुर्थी होवंदे. मगे बघूया."

मी त्यांचं ऐकलं. चतुर्थी तोंडावर आली होती आणि घराची साफसफाई सुरू करायची होती.

दादा आणि वैनी चतुर्थीच्या आधी दोन दिवस आले. दादाने मोटरसायकल अंगणात लावली आणि ओटीवर पाय ठेवताच नाक मुरडलं. तो वाईट माणूस नव्हता. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. हॉटेलात काम करणारा माणूस, स्वच्छतेची सवय असलेला. गणपती बसतो ती भिंत ओटीचीच. वर माटवी बांधायची, तिला रानातली फळं, नारळ, कवंडळं टांगायची, खाली मखर. आणि तिथेच समोर हा वास. सकाळी त्याने स्वतः बाबांचं अंथरूण उचललं आणि रेक्झिनवरची ओल पाहिली.

"ह्यां काय?" त्याने विचारलं.

"माजर," मी म्हणाले. बाबाही त्याच क्षणी तेच म्हणाले.

"देव येतलो घरात नि माजर हंय मुतता? नि तुमी दोघां ह्यां चालवन घेतास?"

"तां सुधारतलां," बाबा म्हणाले.

"बाबा, ह्येका आधी घालवूक व्हयां."

मला वाटलं, विषय तिथेच संपला. शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता, मी निघून गेले. दुपारी परत आले तर ओटी लखलखीत धुतलेली, फिनेलचा वास, आणि खोका अंगणात माडाखाली उपडा. दादा माटवीला दोऱ्या बांधत होता.

"मालवणच्या बंदरार सोडून इलंय," तो म्हणाला. "मारूक नाय हां. थंय रोज मासळीचो ढीग पडता. खावन खावन फुगतलां."

बाबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते. मी जवळ गेले.

"तुमी काय बोललास नाय?"

"काय बोलतलंय?" ते म्हणाले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर बारीक ओरखडे होते, धागे निघालेले. तिला त्यांच्या अंगावरून सोडवून न्यावं लागलं होतं.

चतुर्थीच्या सकाळी भटजी लवकर आले. गावात त्यांना खूप घरं होती. आदल्या दिवशीच मूर्ती आणून पाटावर ठेवली होती, डोळ्यांवर रुमाल. आमच्या घरात प्राणप्रतिष्ठा नेहमी बाबाच करायचे. आजोबा गेल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. पहाटेच आंघोळ करून, सोवळं नेसून ते तयार झाले होते. भटजींनी पाट मांडला, ताम्हन ठेवलं, आणि हाक मारली, "या."

बाबा माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या आत. पुढे येईनात.

"तू बस," ते दादाला म्हणाले.

"मी? तुमी असताना?"

"माका बसाक जमाचां नाय."

"काय होता तुमका? पाय दुखतत?"

बाबांनी दाराची चौकट धरली. त्यांचा आवाज अगदी साधा होता, होडीत कोणी कुठे बसायचं ते सांगताना असायचा तसा.

"माका कळणा नाय कधी होता तां. हंय देवासमोर झाला तर? मी माजराक चोर केलंय. तां माजर नव्हतां. मीच होतंय. तेना एकदाय केल्यान नाय."

वैनीच्या हातात दुर्वांची जुडी होती, ती तिने तशीच छातीशी धरली. भटजी ताम्हनाकडे बघत राहिले. दादाला आधी समजलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा बघून त्याला समजलं. त्याने खांद्यावरचा कोरा टॉवेल काढला, घडी केली, आणि बाबांच्या पाटावर पसरला.

"बाबा, येवा. ह्येच्यार बसा. काय एक होणा नाय. येवा तुमी."

"नको रे."

"बसा हो," भटजी म्हणाले. "म्हाताऱ्या शरीराचं काय सोवळं आणि काय ओवळं?"

पण बाबा आले नाहीत. शेवटी दादा बसला. तो मंत्रामागून म्हणत होता आणि मध्येच त्याचा आवाज तुटत होता. भटजी थांबायचे, तो परत सुरू करायचा. बाबा पूजा होईपर्यंत उंबऱ्याच्या आत हात जोडून उभे होते. मी त्यांच्या मागे उभी होते. आरतीचं तबक मी त्यांच्यापाशी नेलं तेव्हा त्यांनी ज्योतीवर हात धरले, पण ते डोळ्यांना लावायला विसरले.

नैवेद्याच्या पानावर बसल्यावर त्यांनी दादाला म्हटलं, "तेका घेवन ये." एवढंच. मोदकाला हात लावला नाही.

दादा तसाच उठून मोटरसायकलवर गेला आणि अंधार पडल्यावर एकटाच परत आला. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, मी येतंय. त्यांना मोटरसायकलवर बसवणं शक्य नव्हतं. वैनीला देवापाशी ठेवून आम्ही तिघं एस.टी.ने मालवणला गेलो. चतुर्थीमुळे बंदर ओस पडलं होतं. इतर दिवशी टोपल्यांची, बर्फाची, लिलावाची एवढी गडबड असते, पण तेव्हा नुसता वाळत चाललेला चिखल आणि कावळे. मासळीचा ढीग कुठे नव्हताच. सणात मासे खातो कोण? दादाने ते आदल्या दिवशीच पाहिलं होतं; आता बाबांसमोर त्याचा चेहरा उतरला.

बाबा जाळ्यांच्या ढिगाऱ्यांमधून, उलट्या होड्यांखाली वाकून बघत चालले होते. "बाय! बाय गो!" मांजरं होती. थोराड, कान फाटलेली, आपापल्या जागा धरून बसलेली. आमच्याकडे बघून गुरगुरणारी. एक म्हातारी कोळीण घराच्या पायरीवर बसून जाळं शिवत होती, तिला मी खुणा सांगून विचारलं.

"सफेत? पाठीर काळो पट्टो?" ती म्हणाली. "होतां गो. परवा त्या रिकाम्या खोक्यात जावन बसलां होतां. वाळू उकरी, परत बसी, नि वरडी. मोठ्या बोक्यांनी हुसकून लावल्यानी. मगे नाय दिसलां."

बाबांनी तो खोका बघितला. मासळीचाच, थर्माकोलचा. तळाशी थोडी वाळू साचलेली. त्यांनी वाकून त्या वाळूत बोटं घातली आणि उकरून बघितली.

"शिकवलेलां तेवढां इसारलां नाय," ते म्हणाले.

आम्ही दुपार उलटेपर्यंत फिरलो. सापडली नाही. ती पुढेही कधी सापडली नाही, हे इथेच सांगून टाकते. दादा चतुर्थीनंतर रजा वाढवून पुन्हा जाऊन आला, मी शाळेच्या सुट्ट्यांत जात राहिले. काही नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभे असताना बाबांनी एकदम माझा दंड घट्ट धरला. मी खाली पाहिलं. धोतर भिजत होतं, पायांवरून पाणी चपलेत उतरत होतं. आजूबाजूला सणाचे कपडे घातलेली माणसं. दादाने छत्री उघडली, पाऊस नसताना, आणि त्यांच्यासमोर आडवी धरून उभा राहिला. मी दुसऱ्या बाजूला पदर पसरून उभी राहिले. बाबा आमच्या मध्ये खाली मान घालून उभे होते.

"माका जळजळता," ते म्हणाले. "खूप दिवस झाले. रक्त येता."

ते दादाला म्हणाले, मला नाही. दादा "व्हय बाबा" म्हणाला आणि छत्री आणखी खाली घेतली.

गणपतीचं विसर्जन झालं तसं त्यांना गोव्याला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ प्रोस्टेटची आहे, कॅन्सरची आहे, आणि हाडांपर्यंत गेली आहे. त्रास केव्हापासून होता, असं त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला माहीत होती ती तारीख मांजर घरात आल्यानंतरची. खरी कधीची होती ते बाबांनाच ठाऊक. नंतर मला वाटत राहिलं, खिशात घालून ते पिल्लू त्यांनी उचललं तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? नुसती दया होती की आणखी काही? पण मग ती उकिडवी बसून वाळू उकरणारी बोटं आठवतात, आणि असला विचार केल्याची मलाच शरम वाटते. पुढचं त्यांना नंतर सुचलं असणार. अडकलेल्या माणसाला सुचतं तसं.

नळी घातलेल्या अवस्थेत आम्ही त्यांना घरी आणलं. कमरेला पिशवी. मला भीती होती की आता ते पार मिटून जातील. झालं उलटच. लपवायचं काही उरलं नाही म्हणून असेल, पण बाबा मोकळे झाले. भेटायला आलेल्यांना स्वतः सांगायचे, "ही माजी पिशवी. भरली की चेडू रिती करता." दादाने नोकरी सोडली नाही, पण दर आठवड्याला यायचा. पहिल्यांदा पिशवी रिकामी करताना थोडं त्याच्या पँटवर सांडलं. बाबा ओशाळले. दादा म्हणाला, "माजां तुमी ल्हानपणी किती काढलास?" बाबा म्हणाले, "मी खंय काढलंय? तुजी आवस काढी. मी समुद्रार." आणि दोघंही हसले. मी स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी राहून ऐकत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

थंडी पडली तसा त्यांचा देह आटत गेला. हाडं दुखायची. दुखायला लागलं की ते ओरडायचे नाहीत, पायाचा अंगठा खाटेच्या कडेच्या लाकडी गातावर घासत राहायचे. तो आवाज आला की मी गोळी घेऊन जायची. शेवटी शेवटी गोळीही पोटात टिकेना. बोलणं तुटक झालं. एकदा मला म्हणाले, "तुका म्हायत होतां मां?" मी विचारलं, "काय?" ते म्हणाले, "तू बेड्याची कडी दोनदा वाजयलंस. एरवी वाजवणस नाय." मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. "बरां केलंस," ते म्हणाले.

पौषातल्या एका दुपारी त्यांनी अंगणात न्या म्हणून हट्ट धरला. दादा आला होता. त्याने त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि उचलताच थबकला. एवढ्या मोठ्या हाडापेराच्या माणसाचं काही वजनच उरलं नव्हतं. मी पिशवी हातात धरून बाजूने चालले. उन्हात खुर्ची ठेवली होती, पण दादाने त्यांना खुर्चीवर ठेवलंच नाही. तो स्वतः खुर्चीत बसला आणि त्यांना मांडीवर घेतलं. बाबांनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मासे वाळत घातलेले होते, वारा खाऱ्या वासाचा येत होता. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "पाय बधिर झाले गो माजे," पण हलला नाही.

त्याच आठवड्यात बाबा गेले.